लॅपटॉपचा कळफलक प्रतिसाद देईनासा होतो तेव्हा

महिन्याची २० तारीख. सायंकाळचे सात वाजून गेलेले. जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरण्याचा अखेरचा दिवस असल्याने एखादा छोटा व्यापारी दुकानातील गर्दी ओसरताच लॅपटॉप उघडतो, आणि पासवर्डच्या चौकटीत एकही अक्षर उमटत नाही. कर बँक खात्यातून भरावयाचा असतो, विलंब झाल्यास व्याज आणि दर दिवसाचे विलंब शुल्क ठरलेले असते. अशा वेळी सर्वसाधारणपणे दोहोंपैकी एक गोष्ट घडते. लॅपटॉप बिघडला असे समजून तो दुरुस्तीच्या दुकानात नेला जातो आणि सोबत पासवर्डही चिठ्ठीवर लिहून दिला जातो. किंवा शेजारच्या दुकानातील अथवा सायबर कॅफेतील संगणकावर नेटबँकिंगचा व्यवहार उरकला जातो. नवा कळफलक बसविण्याचा खर्च त्यामानाने मर्यादित असतो. घाईत घेतलेल्या या दोन निर्णयांची किंमत मात्र खात्यातील शिलकेइतकी असू शकते.

वस्तुतः कळफलक, म्हणजेच कीबोर्ड, मुका झाला याचा अर्थ तो निकामी झाला असा होतोच असे नाही. दोष कळांमध्ये आहे की संगणकाच्या प्रणालीमध्ये, हे घरच्या घरी आणि एकही स्क्रू न उघडता ओळखता येते. पुढील विवेचन मुख्यतः विंडोज प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपना लागू आहे.

कळेखालची रचना

लॅपटॉपच्या प्रत्येक कळेखाली कात्रीसारखी उघडझाप करणारी प्लास्टिकची नाजूक जोडणी असते, तिच्या मधोमध रबराची छोटी टोपी आणि त्याखाली प्लास्टिकच्या पातळ पडद्यांचे तीन थर. वरच्या आणि खालच्या पडद्यावर विद्युतवाहक रेषा छापलेल्या असतात. मधल्या पडद्याला कळेच्या जागी छिद्र असते. कळ दाबली की वरची रेषा त्या छिद्रातून खालच्या रेषेला टेकते आणि त्या बिंदूपुरता विद्युतप्रवाह सुरू होतो.

प्रत्येक कळेसाठी स्वतंत्र तार ओढणे परवडणारे नसते. म्हणून या रेषा उभ्या आणि आडव्या जाळ्यासारख्या विणलेल्या असतात. ८ आडव्या आणि १६ उभ्या रेषा घेतल्या तर केवळ २४ रेषांत १२८ छेदबिंदू मिळतात, आणि लॅपटॉपला तेवढे पुरतात. या सर्व रेषा एका चपट्या फितीसारख्या तारेतून मुख्य पटलाला जोडलेल्या असतात. एवढी रचना ध्यानात ठेवली तर पुढील निदान बरेच सुकर होते. कारण एकच कळ चालत नाही, कळांचा एक गट चालत नाही आणि एकही कळ चालत नाही, या तीन तक्रारींची कारणे अगदी निरनिराळी असतात.

प्रथम पाहावयाची गोष्ट

कळफलकाला दोष देण्यापूर्वी संगणकच थिजलेला नाही ना, हे पाहावे. टचपॅडवर बोट फिरवून पडद्यावरील बाण हलतो का? कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतो का? बाणही हलत नसेल तर संगणक अडकलेला आहे, कळफलक नव्हे. अशा वेळी पॉवरचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरून यंत्र बंद करावे आणि पुन्हा सुरू करावे. जतन न केलेले काम यात गमवावे लागते, परंतु अन्य मार्ग नसतो.

बाण हलत असेल तर संगणक माउसने अथवा टचपॅडने पुन्हा सुरू करावा. येथे एक बारकावा आहे, जो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय देण्यात आली. ती चालू असल्यास ‘शट डाउन’ केल्यावरही प्रणालीचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. त्यामुळे दोष त्याच गाभ्यात असेल तर तो रात्रभर यंत्र बंद ठेवूनही सकाळी पुन्हा हजर! ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र प्रणाली नव्याने उभी राहते. म्हणून या प्रसंगी शट डाउन नव्हे, रीस्टार्ट करावे.

बिघाड नसलेले बिघाड

दुरुस्तीच्या दुकानापर्यंत विनाकारण पोहोचणाऱ्या तक्रारींमध्ये ‘फिल्टर कीज’ या सोयीचा विशेष उल्लेख केला पाहिजे. ज्यांचा हात कापतो, ज्यांच्याकडून नको असलेल्या कळा ओझरत्या दाबल्या जातात, अशा व्यक्तींसाठी विंडोजमध्ये ही उपयुक्त सोय आहे. ती चालू असताना ओझरता स्पर्श दुर्लक्षिला जातो. कळ काही काळ दाबून धरली तरच अक्षर उमटते. उजवीकडील शिफ्टची कळ आठ सेकंद दाबून धरली की ही सोय सुरू करण्यासंबंधीची सूचना पडद्यावर येते. कोणी पुस्तक ठेवले, लहान मुलाने कळ दाबून धरली, किंवा विचारात गढलेल्या माणसाचे बोट तेथेच राहिले, आणि सूचना न वाचता ‘होय’ म्हटले गेले, की नेहमीच्या वेगाने टंकलेखन करणाऱ्याला कळफलक पूर्ण निर्जीव वाटतो.

याची परीक्षा सोपी आहे. एखादी कळ दोन-तीन सेकंद दाबून धरावी. अक्षर उमटले तर कळफलक ठणठणीत आहे असे समजावे आणि उजवी शिफ्ट पुन्हा आठ सेकंद दाबून ही सोय बंद करावी. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील ॲक्सेसिबिलिटी या विभागात, तर विंडोज १० मध्ये ईझ ऑफ ॲक्सेस या विभागात, कीबोर्डच्या सदरात तिचे बटण सापडते.

आकाराने लहान अशा काही लॅपटॉपमध्ये अंकांच्या स्वतंत्र कळा नसतात. तेथे नम लॉक चालू झाल्यास अक्षरांच्या कळांमधूनच अंक उमटू लागतात: ‘यू’, ‘आय’, ‘ओ’च्या जागी ४, ५, ६ आणि ‘जे’, ‘के’, ‘एल’च्या जागी १, २, ३. ‘एफएन’ आणि नम लॉक या कळा एकत्र दाबल्यावर हा प्रकार थांबतो.

भाषाबदलाचा प्रश्न मात्र अधिक गंभीर आहे, आणि मराठी अथवा हिंदीतून काम करणाऱ्या ग्राहकांना व कर्मचाऱ्यांना तो विशेषेकरून भेडसावतो. अनेकांच्या संगणकावर इंग्रजीबरोबर देवनागरीचा इन्स्क्रिप्ट कळफलक बसविलेला असतो. विंडोजची कळ आणि स्पेसबार, अथवा डावी ऑल्ट आणि शिफ्ट, या जोड्या नकळत दाबल्या गेल्या की भाषा बदलते. मग इंग्रजी ‘के’वर ‘क’ उमटतो खरा, पण ‘एच’वर ‘प’ आणि ‘एल’वर ‘त’ उमटतो. पत्र लिहिताना ही गोष्ट लगेच दिसते. पासवर्डच्या चौकटीत मात्र सर्व अक्षरांचे ठिपकेच दिसत असल्याने ती दिसत नाही.

इंग्रजीतल्या इंग्रजीतही हा घोटाळा होतो. भारतात विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर सहसा अमेरिकन मांडणीच्या कळा असतात. सेटिंग्जमध्ये चुकून ब्रिटिश मांडणी निवडली गेली असेल तर अंक २ वरील ‘ॲट’चे चिन्ह आणि दुहेरी अवतरण चिन्ह यांची अदलाबदल होते. ज्यांच्या पासवर्डमध्ये ‘ॲट’ आहे, आणि असे ग्राहक पुष्कळ असतात, त्यांचा बरोबर पासवर्ड प्रत्येक वेळी चुकीचा ठरतो. दोन-तीन प्रयत्नांनंतर ग्राहकाला आपलाच विसर पडला असे वाटू लागते. आणखी प्रयत्न होतात आणि नेटबँकिंगचे खाते कुलूपबंद होते. कळ अडकून एकच अक्षर दोनदा उमटत असेल तरीही परिणाम हाच.

यावर उपाय असा: दुसरा प्रयत्नही फसला की तेथेच थांबावे. पडद्याच्या कोपऱ्यातील भाषेचे चिन्ह पाहावे. नोटपॅडसारख्या कोऱ्या पानावर, पासवर्ड नव्हे, तर वर्णमाला, अंक आणि चिन्हे क्रमाने टंकित करून काय उमटते ते तपासावे आणि तपासणीनंतर ते पान जतन न करता बंद करावे. विंडोजमध्ये प्रवेश करतानाच अडचण येत असेल तर पासवर्डच्या चौकटीतील डोळ्याच्या चिन्हावर बोट दाबून धरले असता उमटलेली अक्षरे दिसतात. आसपास कोणी नाही हे मात्र आधी पाहून घ्यावे.

पडदा मागे वळवून टॅबलेटप्रमाणे वापरता येणाऱ्या लॅपटॉपबाबत आणखी एक गोष्ट. पडदा पूर्ण मागे गेला की कळफलक आपोआप बंद व्हावा अशीच त्यांची योजना असते. ही स्थिती ओळखणारा संवेदक फसला, तर पडदा सरळ असूनही कळा झोपलेल्याच राहतात. पडदा एकदा पूर्ण मिटून उघडावा आणि चुंबक असलेले मोबाइलचे आवरण जवळ ठेवले असल्यास ते दूर करावे.

दोष कोणत्या बाजूला?

एवढे करूनही कळफलक गप्प असेल तर निर्णायक परीक्षा करावी. संगणक रीस्टार्ट करून, विंडोज सुरू होण्यापूर्वीच, बायॉसच्या पडद्यावर जाण्याची कळ थोड्या थोड्या अंतराने दाबत राहावी. डेल, एसर आणि आसुसच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती ‘एफ२’ असते, एचपीमध्ये ‘एस्केप’ आणि मग ‘एफ१०’, तर लेनोवोमध्ये मॉडेलनुसार ‘एफ१’ अथवा ‘एफ२’. हा पडदा विंडोजच्या आधीचा असतो. तेथे विंडोजचा कोणताही दोष पोहोचत नाही. त्या पडद्यावर बाणाच्या कळा नीट चालल्या तर कळफलकाचे यंत्र शाबूत आहे आणि दोष विंडोजमध्ये आहे, असा निष्कर्ष निघतो. तो पडदा उघडतच नसेल, किंवा उघडूनही कळा चालत नसतील, तर संशय यंत्रावर येतो.

येथे केवळ पाहावे, काहीही बदलू नये. अनेक लॅपटॉपमधील माहिती बिटलॉकरने कूटबद्ध केलेली असते आणि बायॉसमधील काही बदलांनंतर विंडोज ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक मागते. तो कोठे जतन केला आहे हे ठाऊक नसलेल्या माणसावर, कळफलकाचा प्रश्न सोडविता सोडविता, संपूर्ण माहितीलाच मुकण्याची पाळी येते.

दुसरी परीक्षा म्हणजे यूएसबीने जोडावयाचा साधा बाहेरचा कळफलक. काही शे रुपयांत मिळणारी ही वस्तू प्रत्येक छोट्या व्यावसायिकाने कपाटात ठेवावी. तो जोडताच चालू लागला तर त्या सायंकाळचे काम तरी पार पडते. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी शांतपणे करता येते.

दोष विंडोजमध्ये असल्याचे दिसले तर स्टार्टच्या चिन्हावर उजवी टिचकी देऊन डिव्हाइस मॅनेजर उघडावा. त्यातील कीबोर्ड्स या सदरात लॅपटॉपच्या कळफलकाची नोंद असते. ती ‘अनइन्स्टॉल’ करून संगणक रीस्टार्ट केला की विंडोज तो कळफलक नव्याने ओळखून आवश्यक चालक-आज्ञावली, म्हणजेच ड्रायव्हर, पुन्हा बसविते. बिघाड एखाद्या अद्ययावतीकरणानंतर लगेच उद्भवला असेल तर ते अद्ययावतीकरण मागे घेण्याची सोयही आहे. असे प्रसंग काल्पनिक नाहीत. ऑक्टोबर २०१८ मध्ये एचपीच्या कळफलकाच्या एका ड्रायव्हरमुळे त्या कंपनीचे काही संगणक विंडोजच्या अद्ययावतीकरणानंतर निळ्या पडद्यावर अडकले होते. यंत्र निर्दोष असूनही संगणक वापरता येऊ नये, असाच तो प्रकार होता.

यंत्रातील दोष

यंत्रात दोष असल्यास कोणत्या कळा चालत नाहीत याची यादी करावी. एकच कळ बंद असेल तर बहुधा तिच्याखाली कण अडकलेला असतो. लॅपटॉप बंद करून, तिरपा धरून, हवेच्या झोताने अथवा मऊ कुंचल्याने तो काढता येतो. कळ उचकटण्याचा मोह टाळावा, कारण कात्रीसारखी ती जोडणी एकदा तुटली की पुन्हा बसत नाही. एका कणाने काय घडू शकते, याचे उदाहरण ॲपलने घालून दिले आहे. २०१५ पासून त्या कंपनीने अतिशय पातळ अशा ‘बटरफ्लाय’ जोडणीचे कळफलक वापरले. बारीक कचरा शिरला तरी कळ अडकते किंवा अक्षर दोनदा उमटते, अशा तक्रारी वाढल्या. जून २०१८ मध्ये कंपनीला विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली, २०१९ च्या अखेरीस ती जुन्या कात्री-रचनेकडे परतली, आणि २०२२ मध्ये अमेरिकेतील ग्राहकांच्या दाव्यात ५ कोटी डॉलरची तडजोड तिने मान्य केली.

कळांचा गट एकाच वेळी बंद पडला असेल तर जाळ्यातील एखादी रेषा तुटली आहे असे समजावे. तेथे साफसफाईचा उपयोग नाही, कळफलक बदलावा लागतो. सर्वच कळा बंद असतील तर चपटी तार सैल झाली असण्याची शक्यता असते आणि ती पुन्हा बसविणे हे कुशल कारागिराचे अल्पावधीचे काम आहे. ग्राहकाने कळफलक बदलण्यास होकार देण्यापूर्वी ही तार तपासली का, असे अवश्य विचारावे.

चहा किंवा पाणी सांडल्यास विचार करीत बसू नये. चार्जर काढावा, पॉवरचे बटण दाबून धरून यंत्र तत्काळ बंद करावे आणि लॅपटॉप उघड्या पुस्तकासारखा पालथा ठेवून द्रव खाली ओघळू द्यावा. पाण्यापेक्षा साखरेचा चहा अधिक घातक असतो, कारण वाळल्यावरही चिकट थर राहतो. गरम हवेचे यंत्र वापरू नये. उष्णतेने प्लास्टिकचे पडदे वाकतात. ‘चालू होतो का पाहू’ म्हणून बटण दाबणे हेच बहुधा मुख्य पटल जळण्याचे कारण ठरते. कारागिराने आतून तपासेपर्यंत लॅपटॉप बंदच ठेवावा.

कळफलक मधोमध फुगून वर आला असेल, टचपॅड दबत नसेल किंवा झाकण नीट मिटत नसेल, तर दोष कळांचा नसून खालची बॅटरी फुगलेली असण्याचा दाट संभव आहे. असा लॅपटॉप चार्ज करू नये, दाबू नये, टोचू नये. फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते.

दुरुस्ती होईपर्यंतचा व्यवहार

बाहेरचा कळफलक नसेल तर पडद्यावरचा कळफलक उपयोगी पडतो. विंडोजच्या प्रवेशाच्या पानावर, उजव्या कोपऱ्यातील ॲक्सेसिबिलिटीच्या चिन्हावर टिचकी दिल्यास ‘ऑन-स्क्रीन कीबोर्ड’ हा पर्याय मिळतो आणि टचपॅडने एकेक अक्षर निवडता येते. अनेक बँकांच्या नेटबँकिंगच्या पानावरही असा आभासी कळफलक असतो. त्याचा मूळ हेतू निराळा आहे: दाबलेल्या कळांची गुपचूप नोंद करणाऱ्या, ‘कीलॉगर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आज्ञावलींना चकविणे. पडद्याचे छायाचित्र टिपणाऱ्या आज्ञावलींपुढे तो अपुरा पडतो, म्हणून परक्या संगणकावर आभासी कळफलक आहे एवढ्यावर विसंबू नये. कीलॉगर दुष्ट हेतूनेच बसविलेला असतो असेही नाही. २०१७ मध्ये एका नामांकित उत्पादकाच्या लॅपटॉपमधील ध्वनीविषयक ड्रायव्हर दाबलेल्या प्रत्येक कळेची नोंद एका फाइलमध्ये करीत असल्याचे उघडकीस आले. ती चाचणीसाठीची सोय चुकून शिल्लक राहिली होती. नव्याकोऱ्या संगणकात असे घडू शकते, तर दिवसभर अनोळखी माणसे हाताळत असलेल्या संगणकाची खात्री कोण देणार? त्यापेक्षा ग्राहकाने स्वतःच्या मोबाइलवरील बँकेचे अधिकृत ॲप वापरावे, किंवा सरळ शाखेत यावे.

लॅपटॉप दुरुस्तीला देताना अनेकजण विंडोजचा पिन सहजपणे सांगून टाकतात. त्यात काय आहे, फक्त संगणकच तर उघडतो, असा समज असतो. प्रत्यक्षात ब्राउझरमध्ये साठविलेले सर्व पासवर्ड पाहण्यासाठी बहुतेक ब्राउझर हाच पिन मागतात. म्हणजे तो ज्याच्या हाती, त्याच्या हाती ईमेल, कराचे पान आणि नेटबँकिंगचा पासवर्डही. कळफलक बदलण्यासाठी कारागिराला या पिनची गरज नसते. नवा कळफलक बायॉसच्या पडद्यावर किंवा प्रवेशाच्या चौकटीत डोळ्याचे चिन्ह दाबून तपासता येतो. आत प्रवेश देणे अपरिहार्यच असेल तर प्रशासकीय अधिकार नसलेले वेगळे खाते आधी तयार करून द्यावे आणि शक्य झाल्यास काम समोर बसून करून घ्यावे.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांमधील ग्राहकाच्या दायित्वाची विभागणी केली होती. तिच्यानुसार ग्राहकाने आपली गोपनीय माहिती दुसऱ्यास दिल्यामुळे झालेले नुकसान, बँकेला कळविले जाईपर्यंत, ग्राहकालाच सोसावे लागे. चिठ्ठीवरचा पासवर्ड नेमका याच प्रकारात मोडतो. तो कोणाला दिला गेला असेल तर दुसऱ्या सुरक्षित साधनावरून तत्काळ बदलावा. अनोळखी व्यवहाराचा संदेश आलाच तर प्रथम बँकेला कळवून खाते रोखावे आणि १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ही तक्रार झाली तर ते गोठविले जाण्याची शक्यता अधिक असते.

बँकेच्या कर्मचाऱ्यांसाठी यातील बराचसा भाग केवळ निदानापुरता आहे. कार्यालयीन लॅपटॉपवर रीस्टार्ट, फिल्टर कीज आणि भाषेचे चिन्ह एवढे पाहून झाल्यावर तक्रार माहिती तंत्रज्ञान विभागाकडे द्यावी. बाहेरच्या कारागिराकडे तो यंत्रासह जाऊ नये, आणि काम अडले म्हणून सहकाऱ्याच्या लॉगिनवरही ते उरकले जाऊ नये. तक्रार नोंदविताना ‘कीबोर्ड चालत नाही’ एवढेच न लिहिता कोणत्या कळा चालत नाहीत, बायॉसमध्ये त्या चालतात का आणि बाहेरचा कळफलक जोडल्यावर काय होते, या तीन गोष्टी लिहिल्या तर तंत्रज्ञ योग्य तो सुटा भाग सोबत घेऊनच येतो आणि त्याची एक फेरी वाचते.